आतल्या बाजूची खोली

"समुद्र शांत दिसतोय आज," दादा म्हणाला.

मी गुडघ्यांवर बसून त्याच्या बॅगेतून मोजे काढत होतो. मान वर केली. दादा दोन पलंगांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, माझ्याकडे पाठ करून उभा होता. दोन्ही हात मागे बांधलेले, हनुवटी जराशी वर. कुणाच्या नव्या घरी गेल्यावर माणूस खिडकीशी उभा राहून बाहेरचं कौतुक करतो, तसा. समोरचा पडदा त्यानंच बाजूला सारला होता. पडद्यामागे भिंतभर आरसा होता. आमची खोली जहाजाच्या पोटात, आतल्या बाजूला होती. तिला खिडकीच नव्हती. खोली कोंदट वाटू नये म्हणून तो आरसा लावला असणार, आणि आरशाला खिडकीचा मान मिळावा म्हणून वर पडदा. आरशात दादाचा चेहरा होता आणि त्याच्या कोपराच्या खाली, हातात मोज्यांची जोडी धरलेला मी. दादा नेमका माझ्याकडेच बघत होता. माझ्या तोंडाकडे बघत तो पुन्हा म्हणाला, "लाट म्हणून नाही."

मी "हं" म्हणालो. आधी वाटलं, थट्टा करतोय. दादाची थट्टा अशीच असते, चेहऱ्यावरची एक सुरकुती हलू न देता केलेली. एका वकिलांच्या घरी दर्शनी काच बसवून झाल्यावर वकील म्हणाले होते, काच कुठंय, मला तर दिसत नाही. दादा म्हणाला, तेच तर काम आहे साहेब आमचं. आणि खात्री करायला वकिलांनी पुढं केलेलं नाक काचेवर आपटलं. तेव्हाही दादा हसला नव्हता, जिना उतरून रस्त्यावर आल्यावर हसला. मी तशी वाट बघितली. हसू आलं नाही. दादानं पडदा हलक्या हातानं परत लावला, बाहेरचं ऊन डोळ्यांवर येत असल्यासारखा, आणि मागं सरून, पोटरीला पलंगाची कड लागल्यावर खाली बसला. जन्मभर काचेचं काम केलेल्या माणसाला आरसा आणि तावदान यांतला फरक कळत नाही असं होत नाही. बोटाचं पेर नुसतं टेकवलं तरी कळतं. आणि दादा कुठल्याही घरी गेला तरी आधी खिडकीशी जाऊन तावदानावर अंगठा दाबतो, चौकटीच्या कडेला काच पक्की करायला भरलेली लांबी वाळून भेगाळली आहे का ते नखानं बघतो, मग खुर्चीत बसतो. वहिनीला त्याची फार लाज वाटायची. आज मात्र त्यानं हात पाठीशी बांधून ठेवले होते. चाचपतो तो ज्याला दिसत नाही तो. आणि दादाला डोळस माणूस व्हायचं होतं. हात लावला असता तर फसला नसता.

"काय रे, गप्प का झालास?" त्यानं विचारलं.

"मोजे सापडत नाहीत."

"हातातच असतील तुझ्या."

ते हातातच होते. क्षणभर मला वाटलं, आपणच चुकलो, त्याला सगळं दिसतंय. मी मोजे हवेत धरून हलवले. दादा माझ्या डोक्याच्या वरच्या बाजूला बघत, ऐकत बसला होता.

आमचं काम दोघांचं. मोठी काच एकट्याला उचलत नाही. काच उभी धरायची, एकानं या कडेला, एकानं त्या, आणि चालायचं. एकाला सरळ चालता येतं, दुसऱ्याला उलट्या पावलांनी जावं लागतं. उलटं चालणाऱ्यानं मान वळवून मागं बघायचं नसतं. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की काच पिळवटते, आणि पिळवटलेली काच हातात राहत नाही. म्हणून समोरचा बोलतो. पायरी. अर्धी पायरी. डावा खांदा आत. उंबरा. थांब. उलटं चालणाऱ्यानं विचारायचं नाही, ऐकायचं आणि पाय टाकायचा. आमच्या वडिलांनी पहिल्या दिवशी मला उलटं चालवलं. मी अर्ध्या जिन्यात रडायला लागलो, तेव्हा दादानं माझी जागा घेतली, ती कायमची. लोकांच्या घरात तो नेहमी पाठीनं शिरला. घर बघितलं ते बाहेर पडताना. मी बोलायचो, तो चालायचा. होता होता कामाबाहेरही तीच रीत पडली. रस्त्यानं जाताना मी आपोआप सांगतो, खड्डा, सायकल, फूटपाथ संपला. वहिनी चिडवायची, म्हणायची, भाऊजी, माझ्या नवऱ्याला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी ठेच तरी लागू द्या. ती गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो आणि माझं बोलणं आणखी वाढलं. मीठ उजवीकडे आहे. चहा भरून आहे. दार उघडं आहे. आणि दुसऱ्या कुणी भिंतीवर, कपावर, दाराच्या कडेवर बोटं फिरवली असती तर लगेच लक्षात आलं असतं. पण काचवाला सगळीकडे बोटं फिरवतोच. काच डोळ्यांना कळत नाही, हाताला कळते. काच कापायचं काम त्यानं माझ्याकडे सोपवलं तेव्हा म्हणाला, हिरकणी धरताना हात थरथरतो रे आता. मी त्याचा हात बघितला. थरथरत होता. मी डोळे बघितले नाहीत.

डोळे मी रोज बघत होतो खरं तर. डॉक्टरांनी सांगितलं होतं की अंधार कडेकडेनं आत येईल, दाराच्या फटीएवढं मधे राहील, मग तेही मिटेल. कधी, ते त्यांनाही सांगता आलं नाही. थेंब घालत राहा म्हणाले. सकाळ-संध्याकाळ दादा मान मागे टाकून बसायचा, मी थेंब घालायचो आणि विचारायचो, आज कसं? तो म्हणायचा, कालच्यासारखंच. ते खोटं तरी कसं म्हणू? काल दिसत नव्हतं, आज दिसत नव्हतं, कालच्यासारखंच होतं. डॉक्टरांकडून आलो त्या संध्याकाळी तो दुकानात, काचा उभ्या ठेवायच्या लाकडी घोडीपाशी बसून होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "धाकट्या, आपण जे काही बघितलं ते चौकटीतून. एकदा असं काही बघायचंय, ज्याला कडाच नाहीत." मी विचार करत राहिलो. मैदानाला झाडांच्या कडा असतात, आभाळाला घरांच्या. किनाऱ्यावरून बघितला तर समुद्रालाही किनारा असतोच. समुद्राच्या मध्यावर जायला हवं होतं. मी चिमीशी बोललो.

चिमी दादाची मुलगी. लांबच्या शहरात राहते, दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते, आणि रक्त तपासतात तशाच बारकाईनं माणसाशी बोलते. जहाजाची तिकिटं तिनंच काढली. शेवटी शेवटी काढली म्हणून आतल्या बाजूची खोली मिळाली. खिडकी नसली म्हणून काय झालं काका, वर डेक आहे की, असं ती मला म्हणाली. ते दादाला सांगायचं माझ्याकडून राहिलं. पण तिकिटांच्याही आधी तिनं दुसरं एक ठरवून घेतलं होतं. "बाबांना दिसतंय तोवर राहा दोघं तिथं," ती म्हणाली होती, "पण दिसायचं थांबलं की त्या काचांच्या दुकानात, त्या जिन्यावर मी त्यांना ठेवणार नाही. ते माझ्याकडे येतील." तिचं काय चुकलं होतं? आमचा जिना उभा आणि अंधारा आहे, खाली घोडीवर काचा उघड्या कडांनी उभ्या असतात. तिच्याकडे एकच जास्तीची खोली आहे, तीही अरुंद. तुम्हीही या काका, असं ती म्हणाली नाही असं नाही. पण म्हणताना तिनं नवऱ्याकडे बघितलं होतं. दादा म्हणाला होता, "ठरलं." दादानं ठरलं म्हटलं की ठरतं, हे चिमीला लहानपणापासून माहीत आहे. म्हणजे त्या आरशासमोर मला दोन गोष्टी एकदम कळल्या होत्या. दादाला दिसत नाही. आणि दादा आता माझ्याकडे राहणार नाही.

छताच्या जाळीतून गार हवा येत होती. खाली कुठंतरी, खूप खोल, यंत्र सुरू होतं. त्याची घरघर पायांच्या तळव्यांतून वर यायची आणि दातांपाशी थांबायची. मी कपडे कपाटात लावत गेलो आणि सकाळ पुन्हा पहिल्यापासून बघत गेलो. बंदरावरच्या मोठ्या खोलीत बॅगा यंत्रातून गेल्या, टेबलामागच्या मुलीनं आमचे फोटो काढले. ती म्हणाली इकडे बघा, आणि दादानं तिच्या आवाजाकडे बघितलं. कॅमेरा बाजूला, उभ्या दांडीवर होता. ती म्हणाली, आजोबा लाजतायत. आम्ही हसलो. मग तो उतरत-चढत जाणारा लोखंडी पूल, दोन्ही कडांना ताडपत्री, पायांखालच्या फटीतून काळं पाणी हलताना दिसणारं. चढ आहे. आता सपाट. उंबरा, मोठा, पाय उचल. मागून एक टोपी घातलेल्या बाई येत होत्या, त्या म्हणाल्या, किती जपता हो भावाला. मला बरं वाटलं होतं. मला, जपणाऱ्याला. खोलीत आल्यावर दादा पलंगावर बसला तो थेट टॉवेलच्या हत्तीवर. खोली आवरणाऱ्यानं टॉवेलला घड्या घालून, सोंड वगैरे काढून, पलंगाच्या बरोबर मध्यावर तो ठेवला होता. लहान मूलसुद्धा त्यावर बसलं नसतं. मी म्हणालो, अरे, हत्ती मोडलास. दादा म्हणाला, "बसायलाच असतो हत्ती." मी हसत हसत सोंड सरळ करत बसलो होतो. प्रत्येक वेळी मी हसलो होतो.

दारावर टकटक झाली. खोली सांभाळणारा माणूस होता. पिकलेल्या मिशांचा, पांढऱ्या कोटातला, दुसरी बॅग घेऊन आला होता. दिव्यांची बटणं दाखवली, न्हाणीघरातलं पाणी ओढताना जहाज फुटल्यासारखा आवाज होतो, घाबरू नका, असं सांगितलं. मग म्हणाला, "बाहेर गालिच्यावर मासे विणलेत. माशांची तोंडं जिकडं, तिकडं जहाजाचं तोंड. रस्ता चुकायचा नाही."

"आणि मासेच चुकले तर?" दादानं विचारलं.

"मग कप्तानाला विचारायचं. तोही त्यांनाच विचारतो." तो स्वतःच हसला, निघाला, आणि दाराशी थांबला. "खिडकी नाही म्हणून नाराज नाही ना? बऱ्याच जणांना कोंडल्यासारखं होतं. बाहेरची एखादी खोली रिकामी असली तर विचारून बघतो."

मी दादाकडे बघितलं नाही. मग बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काही झालं नाही. फक्त तो ज्या बाजूला तोंड करून बसला होता, त्या बाजूला, पडद्याच्या बाजूला, त्यानं अगदी सावकाश मान वळवली आणि तिथंच ठेवली. हात मांडीवर होते. अंगठा दुसऱ्या अंगठ्याच्या नखावरून फिरत होता, भेग शोधत असल्यासारखा.

"नको," तो म्हणाला. "खिडक्या खूप झाल्या."

माणूस गेला. दार आपोआप, दमानं मिटलं. मी मोडलेला हत्ती उलगडला, त्याचा परत टॉवेल केला आणि न्हाणीघरात टांगला. बाहेर आलो तेव्हा दादा तसाच होता. आता त्याला माहीत होतं की मला माहीत आहे. खोली एवढी लहान की दोघांपैकी कुणी एक उभं राहिलं तर दुसऱ्याला बसावं लागत होतं. मी बसलो. आमच्या गुडघ्यांमध्ये वीतभर जागा होती. बोलायचं तर आत्ताच, असं वाटलं, आणि बोललं की ते खरं होईल, मग चिमीला सांगावं लागेल, असंही वाटलं. दादा म्हणाला, "चहा मिळेल का रे इथं?" मी म्हणालो, "वर मिळेल." "मग चल की," तो म्हणाला आणि उठला, पण पुढं झाला नाही. माझ्या आवाजाची वाट बघत उभा राहिला. मी म्हणालो, "दोन पावलं. दार डावीकडे." पहिल्यांदाच मला माझा आवाज ऐकू आला.

वर जाण्याआधी सगळ्यांना एका दालनात गोळा केलं आणि नारिंगी जाकिटं कशी घालायची ते शिकवलं. जहाज अजून बंदराला बांधलेलं होतं आणि ते लोक आम्हाला बुडायचं कसं ते समजावून सांगत होते. शिट्टी कुठं, दिवा कुठं, कुठल्या दारानं कुणी जायचं. मी दादाचे पट्टे आवळत होतो. टोपीवाल्या बाई शेजारी येऊन बसल्या आणि दादाला म्हणाल्या, "तुम्ही मघापासून माझ्याकडे बघून हसताय, म्हणून म्हटलं ओळख करून घ्यावी." दादा म्हणाला, "मी सगळ्यांकडेच बघून हसतो, तुमच्याकडे जरा जास्त." बाई खूश झाल्या. मी पट्ट्याचं बक्कल शोधत राहिलो. किती सराईत झाला होता तो. दर अर्ध्या मिनिटाला मान थोडी फिरवायची, कुणी बोललं की आधी हसायचं, मग उत्तर द्यायचं. हे त्यानं कधी बसवलं असेल? मी झोपल्यावर, अंधारात, एकटा? त्याला वेगळ्या अंधाराची गरजच नव्हती. खालच्या दुकानात मी हिरकणी फिरवत असताना, माझ्या पाठीमागे बसून, भरदुपारी बसवलं असेल.

जहाज सुटलं तेव्हा आम्ही वरच्या डेकवर कठड्याशी होतो. आभाळ सकाळपासून भरलेलं होतं आणि आता उजेड चिरगुटासारखा विटत चालला होता. मागे कुणीतरी मोठ्यानं गाणी लावली होती, लोक हात हलवत होते, बहुतेक कुणालाच नाही. भोंगा वाजला तेव्हा दादाचे खांदे दचकून वर गेले आणि बराच वेळ खाली आले नाहीत. तेवढ्यात चिमीचा फोन आला.

"काका, पोचलात नीट? बाबा कुठंयत?"

"हे काय, शेजारी उभे आहेत."

"ऐकतायत?"

"इथं गाण्यांचा दंगा आहे नुसता."

"मला खरं सांगा. मागं मी तुमच्याकडे आले होते तेव्हा बाबांनी माझ्या पोरीनं काढलेलं चित्र उलटं धरलं होतं. उलटं धरून छान म्हणाले. मी तेव्हा बोलले नाही. सहल होऊ दे म्हटलं. दिसतंय का त्यांना? नुसतं हो की नाही सांगा."

मी दादाकडे बघितलं. त्याचं तोंड पाण्याकडे होतं. त्याच्या कानांना गाण्यांचा अडथळा होत नाही, हे मला कळत होतं. जबडा एका जागी थांबला होता. मला आमचा जिना दिसला, वरून खालपर्यंत. तळाशी घोडी, आणि घोडीवरच्या काचांच्या हिरव्या कडा. तिथं तो पडला तर काय होईल ते मी काचवाला म्हणून जाणतो, कुणी सांगायला नको. मग मला तोच जिना दिसला आणि तो रिकामा होता, आणि मी चढता चढता बोलत होतो, पायरी, अर्धी पायरी, आणि पुढं कुणी नव्हतं.

"दिसतंय," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. सुटल्यासारखी म्हणाली की हरल्यासारखी, ते मला कळलं नाही. "द्या त्यांना."

मी फोन दादाच्या तळव्यावर ठेवला. "बोल गं," तो म्हणाला. "हो. हो, बघतोय की. काय सांगू तुला, ऊन नुसतं सांडलंय पाण्यावर. सूर्य हा असा समोर टेकलाय. एक पांढरं पाखरू आहे, ते आपलं मघापासून बरोबर येतंय... हो. अगं, रडतेस काय वेड्यासारखी? डोळे भरून बघतोय म्हटलं ना." मग तो नुसता ऐकत राहिला. मग बोलायचं थांबूनही त्यानं फोन कानाशी धरून ठेवला होता. मी काढून घेतला तेव्हा त्यात काही नव्हतं. किनारा मागं पडला होता, आवाज तुटला होता.

"ऊन होतं का रे?" दादानं विचारलं.

"सकाळपासून ढग आहेत."

"तिला कळलं असेल."

"तिला कुठं दिसतंय," मी म्हणालो.

दादा हसला. हसता हसता त्याला ठसका लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्टाखाली घाम होता, थंड. "कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या थंडीत गेलं सगळं."

"मग आलास कशाला इथं?"

"नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं." थोड्या वेळानं तो म्हणाला, "मी पडलो एखाद्या दिवशी, तर तिला काय सांगशील?"

मी त्याच्या शर्टाची कॉलर सरळ करत राहिलो. त्यानं पुन्हा विचारलं नाही. लोक एकेक करून जेवायला खाली गेले, गाणी बंद झाली. दोघंच राहिलो. पाणी जहाजाच्या अंगावरून सरकत जात होतं तेवढा एकच आवाज होता.

"किनारा गेला?" दादा म्हणाला. "आता चारी बाजूंनी समुद्रच असेल ना? सांग की, कसा आहे."

मग माझ्या लक्षात आलं की जहाज सुटल्यापासून मी फक्त त्याच्या तोंडाकडे बघत होतो. मी वळलो. कधीतरी पूर्ण अंधार पडला होता. डेकवरचे दिवे आमच्या पाठीशी होते आणि कठड्याच्या पलीकडे, वर, खाली, कुठंच काही दिसत नव्हतं. दादानं हनुवटी वर केली होती. मी सांगायला लागलो.